कात्रीची बाग

"मावशी, एका झुडपाची नवी जात काढायला माणूस पंचवीस-तीस वर्षं घालवतो म्हणजे त्याला दुसरा उद्योगच नसणार. श्रीमंतांचे चोचले आहेत हे सगळे. आपल्याकडे आधी पोटाचं बघायला हवं." असं माझा एक भाचा परवा म्हणाला. मुलगा हुशार आहे, मनाने चांगला आहे, पण शाळेत असल्यापासून एका वाक्यात तीन चुका करायची त्याची सवय काही गेलेली नाही. फोनवर त्याला उत्तर दिलं असतं तर त्याने "हो हो, बरोबर आहे तुझं" म्हणून विषय बदलला असता. म्हणून इथेच लिहिते. शिवाय हे मत त्याच्या एकट्याचं नाही. आमच्या सोसायटीत, ओळखीपाळखीत, बागेची आवड असणाऱ्यांतसुद्धा हेच मत निरनिराळ्या वेषांत भेटतं.

आधी चोचल्यांचं बघू.

आपल्या सोसायट्यांच्या बागा आठवा. फाटकापासून जिन्यापर्यंत गुडघ्याएवढी हिरवी भिंत. ती कशाची असते? पिवळ्या पानांचा दुरांता, नाहीतर एक्झोरा. एक्झोराला फुलं येतात ती फांदीच्या शेंड्यावर. आणि माळीबुवा दर पंधरा-वीस दिवसांनी काय करतात? शेंडेच कापतात! म्हणजे ज्या झाडाला देवाने फुलण्यासाठी जन्माला घातलं, त्याची कळी धरायच्या आत मान उडवायची, आणि वर "आमच्याकडे एक्झोराची हेज आहे" असं सांगायचं. त्यापेक्षा हिरवा रंग दिलेली विटांची भिंत स्वस्त पडेल, तिला पाणीही लागत नाही.

माळ्याचा यात काही दोष नाही. सहा-सात फूट वाढणं हा ज्या झाडाचा स्वभाव, त्याला दोन फुटांत बसवायचं तर दुसरा उपाय नाही. वर्गातल्या चळवळ्या मुलाला दिवसभर हाताची घडी घालून बसवण्यासारखं आहे ते. बसतो, पण त्यात त्याचं काय फुलणार? मुळातच दोन-अडीच फुटांवर थांबणारं, वर्षभर हिरवं राहणारं आणि कात्री न लावता अंगभर फुलणारं झुडूप मिळालं, तर माळ्याची निम्मी मेहनत वाचेल, कचऱ्याच्या पाट्या वाचतील, सकाळी सात वाजता सुरू होणारं ते छाटणीचं यंत्र थांबेल (माझ्या वयाच्या माणसांना हा फायदा सगळ्यात मोठा वाटेल), आणि फुलं येतील ती वेगळीच. यात श्रीमंतीचं काय आहे? श्रीमंताकडे जागा असते, त्याला ठेंगणं झाड लागत नाही. ठेंगणं झाड लागतं ते तुमच्या-आमच्यासारख्या चार कुंड्यांच्या धन्यांना.

आता असं झुडूप कसं होतं, त्याची एक खरी हकिगत सांगते.

जपानच्या दक्षिणेला क्यूशू बेटाच्याही खाली याकुशिमा नावाचं एक लहानसं बेट आहे. पाऊस इतका की आपल्या आंबोलीकरांनाही त्याचं कौतुक वाटावं. बेटाच्या मधोमध मियानोउरा नावाचा 1936 मीटर उंचीचा डोंगर आहे. त्याच्या माथ्यावर, भणाणत्या वाऱ्यात, ऱ्होडोडेंड्रॉनची एक जात वाढते. ऱ्होडोडेंड्रॉन म्हणजे उत्तराखंडात लाल फुलांनी डोंगर पेटवणारा आपला बुरांश, त्याचंच हे कुळ. याकुशिमाच्या माथ्यावरचं झुडूप मात्र घुमटासारखं गोल, कमरेच्या खालीच राहणारं. पानं जाड, कडा खाली वळलेल्या, आणि पानाखाली लोकरीसारखी दाट लव. कोवळं पान तर पांढऱ्या पिठात बुडवून काढल्यासारखं दिसतं. कळी गुलाबी आणि उमललेलं फूल पांढरं, त्यामुळे एकाच गुच्छात दोन्ही रंग.

1934 साली कोइचिरो वाडा नावाच्या जपानी रोपवाटिकावाल्याने याची दोन रोपं इंग्लंडमध्ये एक्स्बरीला लायोनेल डी रॉथ्सचाइल्ड यांच्याकडे पाठवली. हे गृहस्थ बँकवाल्या घराण्यातले, अफाट पैसा आणि ऱ्होडोडेंड्रॉनचं अफाट वेड. (इथे भाचा म्हणेल, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" थांब जरा.) मध्ये महायुद्ध आलं, 1942 साली रॉथ्सचाइल्ड वारले. दोनांतलं एक झाड विस्लीला, तिथल्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या बागेत गेलं. 1947 साली ते चेल्सीच्या प्रदर्शनात मांडलं तेव्हा त्याला पहिल्या दर्जाचं प्रशस्तिपत्र मिळालं आणि बागवाल्यांचं लक्ष त्याच्याकडे गेलं. लंडन सोडून बाहेर वसलेल्या लहान लहान घरांच्या लहान लहान बागांत लावावं असं ऱ्होडोडेंड्रॉन तोवर जवळजवळ नव्हतंच. जे होते ते हत्तीएवढे.

पुढचं काम केलं ते बँकवाल्याने नव्हे. बॅगशॉट गावच्या वॉटरर नावाच्या जुन्या नर्सरीत काम करणाऱ्या पर्सी वाइजमन यांनी केलं. त्यांनी या ठेंगण्या जपानी झुडपाचा संकर मोठ्या, भडक रंगाच्या जुन्या जातींशी लावला. उद्देश असा की अंगलट आईची यावी आणि रंग बापाचा. ऐकायला सोपं वाटतं. पण प्रत्यक्षात काय करावं लागतं ते बघा. कळी उमलायच्या आदल्या दिवशी चिमट्याने तिचे पुंकेसर काढून टाकायचे, नाहीतर ती स्वतःच्याच परागांनी फळेल. दुसऱ्या झाडाचे पराग कुंचल्याने स्त्रीकेसराच्या टोकावर लावायचे. मधमाशीने लुडबुड करू नये म्हणून वर पिशवी बांधायची, चिठ्ठी लावायची. बोंड पिकायला शरद ऋतू उजाडतो. त्यातून निघतं ते तपकिरीसारखं बारीक बी, एकेका बोंडात शेकड्यांनी. ते पेरायचं, मोहरीएवढी रोपं टाचणीच्या टोकाने उचलून वेगळी करायची, आणि मग वाट बघायची. पहिलं फूल दिसायला चार-पाच वर्षं सहज जातात. आणि दिसतं काय? बहुतेक रोपं आईसारखी ठेंगणी असून फुलं मळकट, किंवा फुलं सुरेख पण अंग ताडमाड. एखादं दोन्हींत उतरतं, पण थंडीत पानं करपतात. आणखी एखादं सगळ्यांत उतरतं, पण त्याचं कलम मुळं धरत नाही.

या शेवटच्या गोष्टीकडे आपल्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, म्हणून जरा थांबून सांगते. संकराच्या झाडाचं बी लावलं तर पुन्हा सगळा पत्त्यांचा डाव पिसला जातो. हापूसची बाठ लावून हापूस येत नाही तसं. म्हणून आवडलेलं एक झाड हजारो अंगणांत न्यायचं तर त्याच्या फांद्यांची कलमंच करावी लागतात. फाटा सहज मुळं धरत नसेल तर ते झाड कितीही देखणं असो, एकाच बागेत जन्मतं आणि तिथेच मरतं. म्हणजे सौंदर्याबरोबर कलमाला "हो" म्हणण्याचा गुणही निवडावा लागतो. हे सगळं करून, बाकीची रोपं उपटून फेकण्याचं धैर्य दाखवून, वॉटररच्या नर्सरीतून 1970च्या दशकात ठेंगण्या ऱ्होडोडेंड्रॉनची एक मालिका बाहेर आली. नावं ठेवली स्नोव्हाइटच्या सात बुटक्यांची! डोपी, ग्रम्पी, स्लीपी, स्नीझी, डॉक... त्यांतला डोपी चांगला लालभडक. आणि एका जातीला खुद्द पर्सी वाइजमन यांचं नाव मिळालं. नर्सरीत काम करणाऱ्या माणसाचं नाव आज कितीतरी देशांतल्या बागांत पाटीवर आहे. आपल्याकडे नर्सरीत चाळीस वर्षं कलमं बांधणाऱ्या माणसाचं नाव मालकाच्या मुलालाही आठवत नाही.

हां, आता भाच्याचा दुसरा मुद्दा, पोटाचा.

हा युक्तिवाद मी आयुष्यभर ऐकत आले. शाळेत चित्रकलेचा तास कापून गणिताला द्यायचा असला की हेच वाक्य. पण पोटाचं काम आणि फुलाचं काम करणारी माणसं निराळी असतात, एकाला द्यायचं तर दुसऱ्याचं काढून घ्यावं लागतं, हे ठरवलं कुणी? डॉ. बेंजामिन पिअरी पाल यांचं नाव घ्या. तांबेरा रोगाला दाद न देणारा गहू तयार करण्यात ज्यांची हयात गेली, 1965 साली जे भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक झाले, तेच पाल गुलाबाच्या नव्या जाती काढत होते. 'दिल्ली प्रिन्सेस' त्यांचाच, 'डॉ. होमी भाभा' नावाचा पांढरा गुलाबही त्यांचाच. बोगनवेलीवर त्यांनी काम केलं, पुस्तक लिहिलं. गव्हाने गुलाबाचं काही खाल्लं नाही, आणि गुलाबाने गव्हाचं नाही. चिमटा तोच, कुंचला तोच, डोळा तोच.

याहून गमतीचं उदाहरण फिलिपिन्सचं. आपल्या बागांत गुलाबी किंवा पांढऱ्या झालरींचा मुसांडा असतो ना, तो बघा. मुसांड्याचं खरं फूल म्हणजे मधली ती इवली पिवळी चांदणी. रंगीत झालर ही त्याची निदलं, म्हणजे फुलाखालची हिरवी पाकळीवजा पानं मोठी होऊन रंगलेली. रानातल्या मुसांड्यात प्रत्येक गुच्छातल्या काहीच फुलांचं एकेक निदल असं पांढरं पान होतं. 1915 साली फिलिपिन्सच्या मकिलिंग डोंगरावर एक झाड असं सापडलं की त्याची पाचही निदलं मोठी आणि पांढरी. निसर्गाने आपणहून केलेला बदल. तो कुणाच्या तरी नजरेला पडला, त्या माणसाने मुकाट्याने पुढे न जाता फांदी आणली, कलमं केली. पुढे राष्ट्राध्यक्ष केझोन यांच्या पत्नीच्या नावावरून त्याला 'डोना ऑरोरा' म्हणू लागले. डोंगराच्या पायथ्याशी लॉस बान्योस गावात विद्यापीठ आहे. तिथल्या लोकांनी या पांढऱ्याचा संकर आफ्रिकेतल्या लाल मुसांड्याशी लावला, आणि त्यातून 'डोना लूझ' वगैरे गुलाबी जाती निघाल्या. एकेका राष्ट्राध्यक्षाच्या पत्नीचं नाव एकेकीला. आज त्या मुंबई-पुण्याच्या कोणत्याही नर्सरीत मिळतात.

आणि हे लॉस बान्योस म्हणजे कोणतं गाव? जिथे 1960 साली आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था उभी राहिली आणि 1966 साली आयआर-8 हा बुटका भात बाहेर पडला, तेच! ज्या गावाने आशियाच्या ताटात भात वाढला त्याच गावाने आपल्या फाटकाशी मुसांडाही लावला. त्यात फिलिपिन्स काही तेव्हा कुबेराचं राज्य नव्हतं.

आता जे मला खरोखर टोचतं ते. मुसांड्याचा सख्खा भाऊ आपल्या सह्याद्रीत आहे. भूतकेस. कोकणात शेरवड म्हणतात, कोवळ्या पाल्याची भाजीही करतात. पावसाळ्यात घाट चढताना हिरव्या गर्दीत मध्येच एखादं पांढरंशुभ्र पान आणि त्यापाशी केशरी चांदणी दिसते, ती हीच. लाखो माणसं दरवर्षी तिच्यासमोर उभी राहून फोटो काढून घेतात. यांतल्या एखाद्या झाडाला पाच पांढरी पानं असतील, एखादं गुडघ्याएवढंच राहत असेल, एखादं दिवाळीनंतरही फुलत असेल. पण तसं बघायचं असतं हेच आपल्याला कुणी शिकवलं नाही. (मीही मराठीची शिक्षिका, निसर्गकवितेचे अर्थ सांगण्यात बाकांवरच्या पिढ्या गेल्या, पण कवितेतलं झाड खिडकीबाहेर दाखवायला अभ्यासक्रमात तास नव्हता.)

एक्झोराची तर याहून तऱ्हा. हे नाव परदेशी वाटतं ना? ते आपल्या 'ईश्वर' शब्दाचं पोर्तुगीज तोंडात झालेलं रूप आहे, लिनियसने 1753 साली तेच शास्त्रीय नावात घेतलं. लाल एक्झोरा म्हणजे आपला बकोरा, कोकणातलं पेंडगूळ. दक्षिण भारतातलं आणि श्रीलंकेतलं रानटी झुडूप. देवाला वाहतात, फुलपाखरं त्याच्यावर तुटून पडतात. आणि आज मी नर्सरीत ठेंगणा एक्झोरा मागितला की विक्रेता अभिमानाने सांगतो, "आजी, हा थायलंडचा आहे, ओरिजिनल!" फ्लोरिडात ठेंगण्याला तैवानचं नाव लावून विकतात. नाव ईश्वराचं, माहेर सह्याद्रीचं, आणि बारसं तैवान-थायलंडात. त्यांनी केलं यात त्यांचं काही चुकलं नाही. त्यांनी बघितलं, निवडलं, कलमं केली. आपण फक्त पैसे मोजले.

आणि मोजलेल्या पैशांत नेहमी खरा माल मिळतो असंही नाही. ठेंगणं झाड दोन तऱ्हांचं असतं. एक, जे जन्मानेच ठेंगणं, त्याची पेरं आखूड. दुसरं, औषध देऊन ठेंगणं केलेलं. कोकणातल्या आंबेवाल्यांना कल्टार माहीत आहे. त्यातलं पॅक्लोब्युट्राझोल झाडातलं जिबरेलिन तयार होऊ देत नाही, त्यामुळे फांद्या लांबत नाहीत आणि मोहोर धरतो. अशीच द्रव्यं जगभर कुंडीतल्या जास्वंदी, पॉइन्सेटिया वगैरेंना देतात, म्हणजे दुकानात रोप कसं आटोपशीर आणि फुलांनी लगडलेलं दिसतं. औषधाचा अंमल उतरला की सहा-आठ महिन्यांत तेच रोप काठीसारखं वर जातं. आणि गिऱ्हाईक म्हणतं, "माझ्या हाताला झाडच लाभत नाही!" अहो, तुमच्या हाताचा काय दोष? त्या 'मिनी'च्या पाटीवर जातीचं नाव नसतं, कुणी तयार केलं ते नसतं, औषध दिलंय का ते नसतं. बागेतल्या जातींना नावं कशी द्यावी याचे आंतरराष्ट्रीय नियम 1953 साली छापले गेले. आपल्या नर्सऱ्यांत अजून तीनच जाती आहेत: मिनी, हायब्रीड आणि थाई.

इथपर्यंत वाचून देशी झाडांचे कैवारी खूश झाले असतील. पण त्यांच्याशीही माझं भांडण आहे, आणि ते जास्त जिव्हाळ्याचं आहे.

देशी झाडं लावा, हे मला मान्य. पण त्यांच्यातल्या अनेकांना 'संकर' हा शब्दच भेसळीसारखा ऐकू येतो. "रानातलं आहे तसंच लावा, माणसाने हात लावायचा नाही." मग भात कोणी केला? शेवंती कोणी केली? घरोघरी कुंडीत असलेली पाकळ्यांनी भरलेली जास्वंद कुठल्या रानात सापडते ते मला दाखवा. रानातलं झुडूप आहे तसं सोसायटीत आणलं की दोन वर्षांत ते वाटेवर येतं, मग कात्री येते, आणि तिसऱ्या वर्षी समितीच्या सभेत "ती जंगली झाडं काढून टाका" असा ठराव होतो. देशी झाडाला शहरात टिकवायचं असेल तर शहराच्या मापाची देशी झाडं निवडून तयार करावी लागतील. दुसरा मार्ग मला तरी दिसत नाही.

त्यांचा एक आक्षेप मात्र मी मान देऊन ऐकते, कारण तो खरा आहे. घाणेरी. रंगीबेरंगी फुलांची म्हणून, बागेची शोभा म्हणून, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आणली. युरोपातल्या बागवाल्यांनी संकर करकरून रंगवलेली. आज भारतातली जंगलंच्या जंगलं तिने गिळली आहेत. इंग्लंडातही बागेतून सुटलेल्या एका जांभळ्या ऱ्होडोडेंड्रॉनने तसाच धुमाकूळ घातला आहे. तेव्हा नवं झुडूप बाहेर सोडण्याआधी त्याला बी किती धरतं, पक्षी ते कुठे नेतात, हे तपासलंच पाहिजे. दुसरं म्हणजे नुसत्या पाकळ्यांचा झुबका वाढवला की मध आणि पराग दोन्ही जातात, फुलपाखरू येऊन रिकाम्या हाती परततं. पण या दोन्ही गोष्टी काम न करण्याची कारणं नाहीत, काम कोणत्या अटींवर करायचं त्याची यादी आहे. फूल एकेरीच हवं, मध हवाच, ही अट आपण घालायची. इथलंच झुडूप घेतलं तर परका पाहुणा घर बळकावण्याचा धोकाही कमी.

मग कोणतं घ्यावं? माझं मत अंजनीला. (अंजन वृक्ष वेगळा, तो कोरड्या प्रदेशातला. ही अंजनी घाटमाथ्यावरची.) महाबळेश्वर-माथेरानला गेला असाल तर तिच्या सावलीतून चालला आहात. अंजनी, जांभूळ, पिसा यांचंच ते सदाहरित रान. पानं गडद हिरवी, चकचकीत, बाराही महिने. आणि उन्हाळा जवळ आला की जुन्या फांद्यांवर, पानांच्या बगलांत, निळ्या-जांभळ्या फुलांचे घोस असे चिकटतात की फांदीला कुणी गुलाल, नव्हे नीळच फासली आहे असं वाटावं. असा निळा रंग आपल्या नर्सरीतल्या किती सदाहरित झुडपांना आहे? बोटांवर मोजा. त्यात फुलं शेंड्यावर नाहीत, जुन्या लाकडावर! म्हणजे कात्री लागली तरी सगळं जात नाही.

दोष आहेत. वाढ अतिशय सावकाश. स्वभावतः ती लहान वृक्ष होते. पण कड्याच्या धारेवर, वाऱ्याच्या तोंडाशी, खुरटलेल्या अंजनीही दिसतात. इथे एक सावधगिरी हवी. वाऱ्याने खुरटलेलं झाड आणि जन्मतः ठेंगणं झाड डोळ्यांना सारखंच दिसतं. पहिल्याचं कलम चांगल्या मातीत आणलं की भराभर उंच होतं. ओळखायचं कसं? एकच रीत आहे. दहा ठिकाणच्या झाडांचं बी किंवा कलमं आणून एकाच वाफ्यात, एकाच मातीत, शेजारी शेजारी लावायची आणि काही वर्षं गप्प बसून मोजायचं. याकुशिमाच्या झुडपाचंही तसंच होतं. डोंगराच्या खालच्या अंगाला ते उंच होतं. वाडांनी पाठवलेलं रोप इंग्लंडच्या सपाटीवरही घुमटाएवढंच राहिलं तेव्हा कळलं की ठेंगणेपण वाऱ्याचं नाही, रक्तातलं आहे. (आणि म्हणून कासच्या किंवा महाबळेश्वरच्या पठारावरची बुटकी झाडं मुळासकट उपटून आणण्याचा विचार कुणी मनात आणू नये. गुन्हा तर आहेच, वर मूर्खपणाही.)

हे काम आपल्याला जमणार नाही असं म्हणणाऱ्याला मी वेंगुर्ल्याला पाठवीन. नीलम आणि हापूस यांचा संकर करून तिथल्या संशोधन केंद्राने 1981 साली 'रत्ना' दिला, 1992 साली रत्ना आणि हापूस यांच्या संकरातून जवळजवळ बाठच नसलेला 'सिंधू' दिला. आंब्याच्या मोहोराचं ते टाचणीएवढं फूल हाताळून, झाडाला फळ धरायची वर्षानुवर्षं वाट बघून! राहुरीच्या विद्यापीठाच्या 'फुले गणेश' अॅस्टरने पुण्याच्या फुलबाजारात रंग भरले. बंगळूरच्या संस्थेचा 'प्रज्वल' निशिगंध शेतकऱ्यांच्या शेतात आहे. म्हणजे हात आहेत, डोके आहेत. पण ही सगळी किलोवर विकली जाणारी फुलं. जे झुडूप तोडून विकता येत नाही, नुसतं उभं राहून वर्षभर फुलतं, त्याचा बाजारभाव कुठल्या रकान्यात लिहायचा?

कायद्याचंही बघा. 2001 साली आपण पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा केला. चांगला कायदा आहे, शेतकऱ्याने स्वतः निवडलेला वाणही त्यात नोंदवता येतो. वाण नवा हवा, इतरांहून वेगळा हवा, सगळी रोपं एकसारखी हवीत आणि पिढ्यांमागून पिढ्या तशीच राहायला हवीत. मग त्याला संरक्षण मिळतं, साध्या पिकाला 15 वर्षं, वृक्ष-वेलींना 18. अमेरिकेने कलमांनी वाढणाऱ्या झाडांसाठी असा कायदा 1930 साली केला होता आणि पहिला हक्क 1931 मध्ये एका वेली गुलाबाला दिला होता. आपला उशिरा का होईना, झाला. पण त्यात एक पाचर आहे. सरकारने ज्या प्रजाती अधिसूचनेत घातल्या असतील त्यांचाच नवा वाण नोंदवता येतो, आणि प्रत्येक प्रजातीची तपासणी कशी करायची त्याची नियमावली आधी हवी. रानातलं एखादं झुडूप, ज्याची लागवडच कुणी करत नाही, ते यादीत कशाला येईल? आणि यादीत नाही तर कोण आपल्या आयुष्याची वीस वर्षं त्यात घालेल? कोंबडी आधी की अंडं आधी, यात दोन्हीही राहून जातात आणि आपण थायलंडची अंडी खात बसतो.

माझी मागणी फार मोठी नाही. एखाद्या कृषी विद्यापीठाच्या घाटमाथ्याजवळच्या केंद्रात अर्धा एकर, दोन माळी, पक्क्या पत्र्याच्या चिठ्ठ्या, आणि बदली झाली तरी पुढच्याच्या हातात पडेल अशी एक जाड वही. अंजनी, भूतकेस, पेंडगूळ, एवढी तीनच नावं आज लिहा. दर साली उंची, फुलायची तारीख, कलमांपैकी किती जगली ते नोंदवा. दहा वर्षांनी बघा. वही सांभाळणं हा यातला सगळ्यात कठीण भाग आहे हे मी चाळीस वर्षं कपाटांच्या किल्ल्या जपलेली बाई म्हणून सांगते. आमच्या एका शाळेतली हस्तलिखितांची अख्खी पेटी रंगकामाच्या वेळी रद्दीत गेली होती, आणि कुणी काही केलं नव्हतं.

तोवर आपल्याला काय करता येईल? माझ्या वाचकांत आणि नातेवाइकांत महाबळेश्वर, पाचगणी, आंबोली, माथेरानला जाणारे बरेच आहात. पुढच्या उन्हाळ्यात जाल तेव्हा फुललेली अंजनी दिसली आणि ती तुमच्यापेक्षा ठेंगणी असली, तर फांदी मोडू नका, फक्त फोटो काढा आणि मला पाठवा. सोबत चार ओळी: गाव, महिना, जागा वाऱ्याची की आडोशाची, आजूबाजूची अंजनी केवढी होती. आणि उंची फुटांत लिहा. "साधारण माझ्या कमरेएवढी" असं लिहू नका. तुम्हां सगळ्यांच्या कमरा मी लग्नकार्यांत पाहिलेल्या आहेत, त्यावरून काही हिशेब लागत नाही.